आवाज कुणाचा, बाहुली कुणाची

ताई, नमस्कार.

तमिळ चित्रपटांतल्या नायिकांना मिळालेल्या पुरस्कारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर देते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. एक, तमिळ नायिका बहुतेक केरळच्या, मुंबईच्या किंवा पंजाबच्या; त्यांना तमिळ धड येत नाही, पडद्यावर बोलतं दुसरंच कुणी, मग 'सर्वोत्कृष्ट तमिळ अभिनेत्री' या बिरुदाला अर्थ काय? दोन, 2022 सालचा राष्ट्रीय पुरस्कार 'गार्गी'साठी साई पल्लवीला न देता 'तिरुचित्रंबलम'सारख्या 'टाइमपास' चित्रपटातल्या नित्या मेननला देणं हा अन्याय होता. आणि तीन, मराठी माणसाने मराठी नायिका सोडून तमिळ नायिकांचं कौतुक का करावं? चेन्नईत इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून ते मी गांभीर्याने घेतलं.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. नायिका कुठली आहे हा एक प्रश्न आणि पडद्यावरचा आवाज कुणाचा आहे हा दुसरा. तुम्ही धरून चालला आहात की बाहेरची म्हटली की आवाज उसना आणि तमिळ मुलगी म्हटली की आवाज तिचाच. प्रत्यक्षात तसं नाही.

'96' घ्या. त्रिशा चेन्नईत जन्मलेली, वाढलेली. 2018 च्या या चित्रपटातल्या जानूसाठी तिला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट तमिळ अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पण जानू बोलते ती गायिका चिन्मयीच्या आवाजात. रामच्या घरी लाइट जाते तो प्रसंग आठवा. शाळेपासून राम जिला एकच गाणं म्हणायचा आग्रह करत आला, ती जानू ते गाणं नेमकं त्या अंधारात म्हणायला लागते आणि राम चाचपडत उजेड शोधायला धावतो. पडद्यावर दिसण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. तो प्रसंग आपल्यापर्यंत पोचतो तो कानातून आणि तिथे गाणारी चिन्मयीच आहे. आता गंमत नव्हे, खंत म्हणून सांगते: त्याच वर्षी त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या गाण्यासाठी चिन्मयीला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेची फिल्मफेअरची बाहुली मिळाली. ती गायली त्याची दखल घेतली गेली. अख्ख्या चित्रपटभर जानू म्हणून ती बोलली, त्याचं श्रेय मात्र त्रिशाच्या बाहुलीत विरून गेलं. त्रिशाचे डोळे, तिचं थबकणं, रामसमोर अवघडून बसणं हे सगळं तिचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जानू दोघींनी मिळून उभी केली.

'बॉम्बे' तर आपल्याकडे घरोघरी पाहिलेला. त्यासाठी मनीषा कोईरालाला फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट तमिळ अभिनेत्री ठरवलं. तमिळ 'बॉम्बे'तली शैला बानो बोलते रोहिणीच्या आवाजात आणि ही रोहिणी स्वतः कसलेली अभिनेत्री आहे. चित्रपटाचं नाव घेतलं की आपल्याला मनीषा आठवते, रोहिणी आठवत नाही. इथे तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

आता उलटी बाजू पाहा. प्रियामणी बंगळुरूची. 'परुत्तिवीरन'मधली तिची मुत्तळगू मदुराईकडच्या खेड्यातली आणि ती बोली प्रियामणीने स्वतःच्या आवाजात बोलून दाखवली. 2006 सालचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. अपर्णा बालमुरली त्रिशूरची. 'सूररै पोट्रु'मधली बोम्मी पुन्हा मदुराईकडचीच. अपर्णाने ती बोली शिकून घेतली आणि डबिंग स्वतः केलं. मुलगा 'बघायला' आलेली बोम्मी ज्या ठसक्यात बोलते, तो ठसका दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून आला असता तर बोम्मी निम्मी झाली असती. तिचा राष्ट्रीय पुरस्कार 2020 सालचा. दोघी तुमच्या हिशेबात 'बाहेरच्या', पण जन्मदाखला पाहून त्यांना नापास करायचं म्हणजे त्यांनी घेतलेली सगळी मेहनत मातीत घालायची.

तमिळनाडू सरकारच्या पुरस्कारांची तुम्ही दिलेली यादी खरी आहे. 2009 ते 2014 या सहा वर्षांच्या मानकरी म्हणजे पद्मप्रिया, अमला पॉल, इनिया, लक्ष्मी मेनन, नयनतारा आणि ऐश्वर्या राजेश. त्यांतल्या बऱ्याच जणी केरळच्या, हे खरंच. पण या यादीत मला जास्त खुपतं ते वेगळंच. सहा वर्षांचे पुरस्कार 2017 मध्ये एकदम जाहीर झाले आणि चेन्नईत समारंभ झाला सप्टेंबर 2022 मध्ये. 'मैना' 2010 चा. त्यातल्या कामाचं पदक अमला पॉलच्या नावे निघायला बारा वर्षं लागली. ज्या वयात आणि ज्या टप्प्यावर असं पदक नटीच्या पुढच्या कामाला बळ देतं, तो टप्पा तोवर निघून गेलेला असतो. मात्र याच राज्य पुरस्कारांत डबिंग कलाकारांसाठी वेगळा विभाग आहे, तोही बाईसाठी वेगळा आणि पुरुषासाठी वेगळा. तुम्ही ज्या पुरस्कारावर टीका केलीत, त्यानेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन ठेवलंय. असा विभाग राष्ट्रीय पुरस्कारांत आणि फिल्मफेअरमध्येही असला पाहिजे, हे माझं ठाम म्हणणं आहे.

अवघड आहे का ते? अजिबात नाही, कारण गाण्याच्या बाबतीत आपण ते कधीच मान्य केलंय. के. बालचंदर यांच्या 'सिंधु भैरवी'त एक प्रसंग आहे. भरल्या मैफलीत श्रोत्यांतून सिंधू उठते आणि नामवंत गायकाला विचारते, समोरच्यांना कळेल अशा तमिळमध्ये तुम्ही का गात नाही? तो तिलाच गायला सांगतो. ती मंचावर जाते, साध्या लोकगीताच्या ढंगात सुरुवात करते आणि गाता गाता कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या रचनेत अलगद शिरते. प्रश्न विचारतानाचा तो न डगमगणारा, नम्र आणि तरीही बोचणारा आवाज सुहासिनीचा. गातानाचा चित्रा यांचा. 1985 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुहासिनीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरवलं गेलं आणि त्याच गाण्यासाठी चित्रांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका म्हणून. एकीला दिल्याने दुसरीचं काही कमी झालं नाही. बोलण्याच्या आवाजालाही असाच मान मिळावा, एवढंच तर मागायचं आहे.

आता नित्या मेनन. तुमची प्रतिक्रिया इथे सगळ्यात तिखट आहे आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही इथेच.

'गार्गी'मधली साई पल्लवी मलाही विसरता येत नाही. वडिलांवर भयंकर आरोप आलेला, घरावर लोकांच्या नजरा रोखलेल्या आणि ही शाळामास्तरीण एका नवख्या वकिलाला हाताशी धरून लढते. फिल्मफेअरने 2022 च्या चित्रपटांसाठी तिलाच निवडलं, तेव्हा तिची कदर झालीच नाही असं नाही. राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला असता तर मी आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिला मिळाला नाही, म्हणून जिला मिळाला तिचं काम हलकं ठरत नाही.

तमिळ चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या नायिका एका ओळीत उभ्या करा. 1976 साली लक्ष्मी, जयकांतन यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटातली गंगा: कॉलेजच्या वयात अत्याचार, मग घरच्यांनीच टाकून दिलेली. 1979 साली 'पसि'मधली शोभा, अवघ्या 17 वर्षांची: मद्रासच्या झोपडपट्टीत कचरा वेचणारी, एका ट्रकवाल्याकडून फसवली गेलेली. 'वीडु'मधली अर्चना: साध्या पगारात चेन्नईत घर बांधू पाहणारी आणि कंत्राटदारापासून सरकारी खात्यापर्यंत प्रत्येकाकडून नाडली जाणारी. मुत्तळगूचा शेवट तर मला आजही बघवत नाही. ही सगळी कामं थोर आहेत. 'वीडु' मी कुणालाही डोळे मिटून सुचवते. पण ही ओळ बघून आपल्या मनाने एक हिशेब पक्का केलाय, की बाईने सोसलं तरच तो अभिनय. जितकी ती चिरडली जाईल तितकं पदक मोठं.

'तिरुचित्रंबलम'मधली नित्याची शोभना त्या हिशेबात बसत नाही. खालच्या मजल्यावर राहणारी ही मैत्रीण, जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या तिरूची लहानपणापासूनची सोबतीण. त्याला चिडवते, दामटते, दुसऱ्या मुलीशी बोलायला ढकलते आणि हे करताना स्वतःच्या मनातलं कुठे दिसू देत नाही. हे सगळं चालतं रोजच्या बोलण्यात, वाक्य अर्धवट सोडण्यात, त्याच्या रडगाण्यावर 'हं' म्हणण्यात. रडण्याचा प्रसंग नटीला निदान हात देतो, पार्श्वसंगीत धावून येतं, कॅमेरा जवळ जातो. गच्चीवरच्या गप्पांमध्ये असलं काही मदतीला नसतं. तिथे एक शब्द खोटा पडला तरी मैत्री खोटी वाटते. मूळच्या मल्याळी कुटुंबातल्या, बंगळुरूत वाढलेल्या नित्याने हे तमिळ स्वतःच्या आवाजात इतकं सहज केलंय की ते अवघड होतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याही आलं नाही आणि मला वाटतं हेच त्या कामाचं यश आहे. तुमच्या पहिल्या मुद्द्याच्या कसोटीला, म्हणजे भाषा आणि आवाज यांच्या कसोटीला, ही निवड शंभर टक्के उतरते. मग दुसऱ्या मुद्द्यात तुम्ही तिलाच का हाणता?

तिसऱ्या मुद्द्याबद्दल थोडक्यात. 2010 सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार दोघींना विभागून मिळाला होता: 'बाबू बँड बाजा'साठी आपल्या मिताली जगताप वराडकरला आणि 'तेनमेर्कु परुवकाट्रु'साठी सरण्या पोनवण्णनला. एक मराठी आई, मुलाने बँड न वाजवता शाळेत जावं म्हणून जिवाचं रान करणारी. एक तमिळ आई, तेनीकडच्या कोरडवाहू मुलखात एकटीने मुलगा वाढवणारी. 1987 च्या 'नायकन'मध्ये नायिका असलेली सरण्या ती हीच. ज्युरीला या दोघींत डावं-उजवं करता आलं नाही. मितालीबद्दल मी लिहावं असं तुम्हाला वाटतं, तर जरूर लिहीन. पण तिच्या शेजारी उभी असलेली बाई कोण हे मराठी वाचकाला माहीत नसेल, तर मितालीने काय मिळवलं हेही त्याला पुरतं कळणार नाही.

'तिरुचित्रंबलम' मध्यंतरालाच बंद केला, असं तुम्ही लिहिलंय. शोभनाचं खरं काम त्यानंतर आहे. उरलेला भाग तमिळमध्येच पाहा, हिंदी डबमध्ये नको, तुम्हाला सबटायटल्सचीही गरज नाही. आणि पाहूनही साई पल्लवीच हवी होती असं वाटलं तर कोणत्या प्रसंगामुळे ते लिहा. तो प्रसंग मी पुन्हा बघेन आणि त्यावर बोलू.