पाकिटावर नंतर मारलेली तारीख हीच खरी तारीख असते

गेल्या महिन्यात नवी पेठेतल्या एका दुकानदार काकांनी आमची बत्तीस पाकिटं परत पाठवली. शेंगा चटणीची, २०० ग्रॅमची, भरून जेमतेम पाच दिवस झालेली. फोन केला तर म्हणाले, "ताई, माल तुमचा चांगलाच आहे हो. पण गिऱ्हाईक तारखेवर बोट घासून बघतंय आणि पाकीट परत ठेवतंय. तो मेसेज आला नाही का तुम्हाला?"

आला होता. तीन ग्रुपवर आला होता, त्यातला एक तर आमच्या बचत गटाचाच. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: पाकीट रंगीत छापलेलं आणि तारीख मात्र काळ्या ठिपक्यांत नंतर मारलेली असेल, तर माल जुना आहे आणि तारीख बदलली आहे. बोटानं घासून तारीख पुसली गेली तर माल बनावट. तारखेखालचे आकडे म्हणजे कंपन्यांची गुप्त भाषा. कडेला काळा चौकोन असेल तर आत सगळं रसायन, हिरवा असेल तर नैसर्गिक. बारकोड ८९० पासून सुरू होत असेल तरच माल भारतीय. आणि किमतीवर स्टिकर दिसला तर पाकीट हातातसुद्धा घेऊ नका.

मी सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा छोटा उद्योग चालवते. आम्ही सहा जणी आहोत. पाकिटावर तारीख उमटवण्याचं काम रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून हे लिहिणं मला भागच आहे.

आधी नंतर मारलेल्या तारखेचं बघू, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. छापील पाउच कसा तयार होतो? त्यातल्या प्रत्येक रंगासाठी धातूचा एक सिलेंडर कोरावा लागतो. तो खर्च एकदा केला की छापखाना शंभर-दोनशे पाउच छापून देत नाही, ऑर्डर किलोंवर घेतो. आमची शेवटची ऑर्डर दोनशे किलोंची होती. आमचा एक रिकामा पाउच साधारण सहा ग्रॅमचा, म्हणजे तीस हजारांवर पाउच एकदम आले. आम्ही दिवसाला दीडशे पाकिटं भरतो. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरलं तरी तो साठा आठ महिने पुरतो. आणि आमच्या चटणीवर आम्ही मुदत लिहितो तीन महिन्यांची.

आता डिझाइनसोबतच तारीख छापून आली असती तर काय झालं असतं? चौथ्या महिन्यात भरलेली ताजी चटणी मुदत संपलेल्या पाकिटात गेली असती. आणि तारीख आठ महिने पुढची छापून घेतली असती, तर आज भरलेल्या पाकिटावर खोटी तारीख आली असती. म्हणून चटणी ज्या दिवशी भरायची त्याच दिवशी तारीख मारायची, दुसरा मार्ग नाही. मोठ्या कारखान्यातही हेच होतं. फक्त तिथे पाकिटं पट्ट्यावरून पळत असतात आणि यंत्र शाईचे बारीक थेंब उडवून अक्षरं उमटवतं. त्या थेंबांना विजेचा भार देतात, दोन पट्ट्यांमधून जाताना ते वळतात आणि हव्या त्या जागी पडतात. नको असलेले थेंब पन्हाळीत पडून पुन्हा टाकीत जातात. ज्या काळ्या ठिपक्यांना लोक घाबरलेत ते हेच. काही कंपन्या शाईऐवजी गरम रिबन वापरतात, बाटल्यांवर लेझर मारतात. पद्धत कुठलीही असो, तारीख माल भरायच्या दिवशीच पडते.

पुसली जाण्याचा मुद्दा मला जास्त लागला, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

डिझाइनची छपाई घासून जात नाही आणि तारीख जाते, हे लोकांनी बघितलंय ते खरं आहे. पण त्याचं कारण पाउचच्या रचनेत आहे. असा पाउच प्लॅस्टिकचे दोन-तीन थर चिकटवून बनतो. रंगीत छपाई बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूला असते, म्हणजे दोन थरांच्या मध्ये सुरक्षित. तुमचं बोट तिच्यापर्यंत पोचतच नाही. तारीख मात्र पाउच तयार झाल्यावर पडते, म्हणून ती सगळ्यात वर उघड्यावर बसते. खऱ्या मालावरही ती तिथेच असते.

मग काही पाकिटांवर ती का टिकत नाही? आमच्यापुरतं उत्तर तेल. सोलापुरी शेंगा चटणी उखळात कुटताना दाण्यांना तेल सुटतं, तीच तिची चव आहे. ते तेल हातांना लागतं, हातातून पाउचला लागतं आणि तेलकट प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. दुसरं कारण शाई. कागदासाठीची पाण्याची शाई प्लॅस्टिकवर सुकत नाही, नुसती बसून राहते. प्लॅस्टिकसाठी लवकर उडून जाणाऱ्या द्रावकाची शाई लागते, ती काही सेकंदांत सुकते. आम्ही हातातलं छोटं प्रिंटर घेतलं तेव्हा पहिले काही दिवस चुकीचं कार्ट्रिज वापरलं होतं आणि तारखा फिसकटल्या होत्या. तेव्हापासून तेलासाठीही एक नियम केला: सकाळी दाण्याला हात लावायच्या आधी दिवसभराच्या रिकाम्या पाउचवर तारीख मारायची, मग भरायला बसायचं.

त्या बत्तीस पाकिटांवर मी स्वतः बोट घासून बघितलं. तेवीसांची तारीख हलली नाही, नऊंची फिसकटली. वही काढली तर कळलं, त्या दिवशी ऑर्डर वाढली, पाउच कमी पडले आणि शेवटच्या काही पाकिटांवर आम्ही भरल्यानंतर तारीख मारली होती. ही आमची चूक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलचे नियम सांगतात की लेबलवरचा मजकूर स्पष्ट आणि पुसला न जाणारा हवा. तेव्हा तारीख पुसली गेली तर गिऱ्हाईकानं तक्रार करावी, तो त्याचा हक्कच आहे. पण पुसली गेलेली तारीख म्हणजे निष्काळजी पॅकिंग. त्यावरून आतला माल बनावट ठरत नाही. उलट ज्याला फसवायचंय तो चांगली शाई विकत आणू शकतो, त्याची तारीख घासून जाणार नाही.

तारखा बदलणारे लोक नाहीत असं मी म्हणत नाही. द्रावकाचा बोळा फिरवून जुनी तारीख काढता येते आणि वर नवी मारता येते. ते ओळखायचं असेल तर पाकीट उजेडात तिरकं धरा. नव्या आकड्यांखाली जुन्या आकड्यांची पुसट सावली दिसते का बघा. तारखेवरच चिठ्ठी चिकटवली असेल तर घेऊ नका. शक्य असेल तर दुकानदाराला मोठा खोका दाखवायला सांगा आणि खोक्यावरचा बॅच नंबर पाकिटाशी जुळवा. खवट वास आला तर तारीख काहीही असो, परत करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पाकिटातल्या शेंगदाण्याचं तेल तारखेच्या आधीच खवट होऊ शकतं.

आकड्यांच्या गुप्त भाषेबद्दल. तो बॅच नंबर असतो, आणि छापणं बंधनकारक आहे. आमच्या नंबरात दाणे भाजल्याचा दिवस आणि दाण्याचं पोतं, एवढंच असतं. शेंगदाण्याच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे. दाणा ओल्या जागी राहिला तर त्यावर बुरशी येते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते भाजण्यानं पूर्ण जात नाही, म्हणून काळपट, सुरकुतलेले दाणे आम्ही भाजायच्या आधीच निवडून काढतो. तरी उद्या एखाद्या पोत्याबद्दल शंका आली तर त्या पोत्याची पाकिटं कुठे कुठे गेली हे शोधायला तो नंबरच हाताशी असतो. एका पावसाळ्यात एका गिऱ्हाईकानं कडू चव लागल्याचं कळवलं. नंबरावरून तासाभरात त्या पोत्याची सगळी पाकिटं कुठल्या दुकानांत आहेत ते कळलं आणि संध्याकाळपर्यंत ती परत आणली. नंबर नसता तर आठवड्याचा सगळा माल उचलावा लागला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे, काहीच उचलता आलं नसतं.

कडेच्या चौकोनाचं आधी टूथपेस्टच्या ट्यूबबद्दल फिरत होतं, आता सगळ्या पाकिटांना लावलंय. तो चौकोन यंत्रासाठी असतो. पाउचचा रोल फिरत असताना प्रकाशाचा सेन्सर ती खूण बघतो आणि तिथे कापायचं, तिथे सील करायचं हे यंत्राला कळतं. खूण नसेल तर कुणाचं नाव अर्ध्यात कापलं जाईल. सेन्सरला मागच्या रंगाहून उठून दिसणारा रंग लागतो, म्हणून पांढऱ्यावर काळा, कुठे निळा, कुठे हिरवा. आमच्या पाउचवर काळा आहे, आणि आत शेंगदाणे, मिरची, लसूण, जिरं, मीठ आहे. शेजारी कधी रंगीत ठिपक्यांची ओळ दिसते, ती छापखान्यानं रंग बरोबर उतरला का हे बघण्यासाठी ठेवलेली असते. यात एक घोळ मात्र करू नका: हिरव्या चौकटीतला भरीव हिरवा गोल ही शाकाहाराची खूण आहे, तिला कायद्यानं अर्थ आहे, तिचा या चौकोनाशी संबंध नाही.

बारकोडचं दोन ओळीत सांगते. ८९० हे आकडे बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या भारतातल्या शाखेकडून नंबर घेतल्याचं सांगतात. माल कुठे बनला ते त्यातून कळत नाही. इथे नोंदलेली कंपनी बाहेरून माल आणूनही ८९० लावू शकते. त्यासाठी पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश वाचा.

राहिला किमतीवरचा स्टिकर. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे किंमत कमी करण्यासाठी स्टिकर लावता येतो, पण त्यानं मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. जुनी आणि नवी, दोन्ही वाचता आल्या पाहिजेत. तेव्हा खालची किंमत उघडी असेल आणि स्टिकरवरची तिच्याहून कमी असेल, तर ते पाकीट नाकारायचं कारण नाही. खालची किंमत झाकली असेल किंवा वर वाढीव आकडा असेल, तर दुकानदाराला तिथेच विचारा.

तेवीस पाकिटं मी काकांकडे परत नेऊन ठेवली, त्यांच्यासमोर घासून दाखवून. फिसकटलेली नऊ आम्ही सहा जणींनी घरी नेली, चटणी उत्तम होती. काका म्हणाले, "आता गिऱ्हाईकाला काय सांगू?" मी म्हटलं, आमचा पत्ता पाकिटाच्या मागे आहे, तोच सांगा. रोज सकाळी दहाला आमचं पहिलं काम प्रिंटरमधली तारीख बदलण्याचं असतं, आणि ती बदलली की मावशी पहिला पाउच वहीत चिकटवून ठेवतात. ज्याला शंका आहे त्यानं त्या वेळी येऊन शेजारी उभं राहावं आणि वहीही चाळून बघावी.