मधली जागा तुमची नाही!

गाडी आणि तिच्या मागचा ट्रेलर यांच्यामध्ये जो लोखंडी दांडा असतो ना, तो पाय ठेवायला नसतो. हे मोठ्या अक्षरांत रंगवून घेणार आहे मी आता ट्रेलरवर. लाल रंगात.

आज सकाळी ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुलाखाली सिग्नलला उभी होते. टपावर उलटी बांधलेली दहा फुटी फायबरची होडी, मागे आमचा एवढासा कॅम्पिंग ट्रेलर. आरशात एक पांढरी टोपी खालीवर होताना दिसली. हे काय म्हणून उतरून मागे गेले, तर एक काका दांड्यावर बूट टेकवून नाडी बांधतायत. निवांत! हातातल्या दुधाच्या पिशव्या ट्रेलरच्या पुढच्या पेटीवर ठेवलेल्या. त्या पेटीत बॅटरी आहे आणि पिशव्यांचं पाणी झाकणाच्या फटीतून थेंब थेंब आत चाललंय. मी म्हटलं, "काका, सिग्नल सुटेल." तर मान वर न करता हातानेच "थांब" केलं आणि दुसरा बूट पुढे घेतला. त्या बुटाची नाडी सुटलेलीसुद्धा नव्हती! आता थांबलोच आहोत तर तीही घट्ट करून घेऊ, असा हिशोब. तेवढ्यात, काका उभे आहेत म्हणजे इथून वाट आहे असं समजून एका स्कूटरवाल्याने पुढचं चाक मध्ये घातलं आणि सेफ्टी चेनमध्ये अडकला. अडकला तो, आणि शिव्या मला. सिग्नल हिरवा झाला, मागे हॉर्नचा कल्लोळ. मी काकांना अक्षरशः हात जोडले. "अहो, हे गाडीला जोडलेलं आहे, पाय जाईल तुमचा."

काका पिशव्या उचलत म्हणाले, "मग मध्ये एवढी जागा सोडायचीच कशाला?"

सोडायचीच कशाला! अहो, वळायला लागते जागा! ती नसती तर पहिल्याच वळणावर ट्रेलरचा कोपरा डिकीत घुसला असता. हे उत्तर मला सुचलं वाघबीळला. आणि तेव्हापासून रात्रीपर्यंत मी ते मनातल्या मनात वेगवेगळ्या आवाजांत काकांना देतेय.

पण काकांना एकट्यांना काय बोलायचं. ठाण्यात दोन वस्तूंमध्ये वीतभर फट दिसली की ती सार्वजनिक मालमत्ता. इंडिकेटर दिला की बाजूचा वेग वाढवतो. गाडी आणि ट्रेलर हे एकच वाहन आहे, हे इथे फक्त दोघांना माहीत आहे, मला आणि टोलनाक्यावरच्या यंत्राला. ते मात्र अचूक तीन आस मोजतं आणि फास्टॅग कारचा आहे म्हणून बोंबलतं.

पुढच्या एका चौकात हवालदार. "मॅडम, जड वाहनांना बंदी आहे या वेळेला." जड? सामानासकट हा ट्रेलर मी एकटी ढकलून पार्किंगमध्ये लावते! हे बोलत असताना शेजारून कंटेनर धडधडत निघून गेला, त्याची चाकं मोजायलाही वेळ लागला असता. त्याला कोणी काही विचारलं नाही. मग हवालदाराची नजर होडीवर गेली. "माल बाहेर आलाय. २०,००० दंड आहे." आहे ना, पाठ आहे मला तो नियम. म्हणून तर दहा फुटी घेतली. गाडी चौदा फुटांची आहे, होडी पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे बोटभरसुद्धा बाहेर येत नाही. टेप काढून मोजून दाखवली. शेवटी काय? "साहेबांना चालवू द्या ना, मॅडम." साहेब, म्हणजे माझा नवरा, बाजूला बसून चिवडा खात होते. साहेबांना ट्रेलर रिव्हर्स घेता येत नाही.

रिव्हर्सवरून आठवलं. गाडी मागे यायला लागली की जमिनीतून उगवणारी जी मंडळी आहेत, "येऊ द्या, येऊ द्या, फुल्ल डावी मारा" वाली, त्यांना एकदा कोणीतरी सांगा रे. ट्रेलर असला की उलटं असतं. त्याचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे. आणि ट्रेलर जितका आखूड तितका पटकन दुमडतो. आमच्या सोसायटीचे वॉचमन, इस्त्रीवाले आणि चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर असे तिघं तीन दिशांना हात हलवतात आणि वर पाठीवर थापा मारतात, गाडीच्या. त्याच सोसायटीने ट्रेलरला पार्किंग द्यायचं नाकारलंय. दोन चाकं आहेत, दुचाकीचे पैसे लावा म्हटलं, तर सेक्रेटरी हसलेसुद्धा नाहीत.

आणि तो विनोद! "वहिनी, पावसाळ्यात वंदना टॉकीजला पाणी तुंबलं की होडीच्या फेऱ्या मारा, चांगला धंदा होईल." प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं.

माझ्या दिरांचं तर वेगळंच. होडीवरून जाणाऱ्या पट्ट्याला मी मुद्दाम एक पीळ देते. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि गाडीत असा काही गुंजारव सुरू होतो की डोकं भणाणतं. पीळ दिला की आवाज बंद. भावजी निरोप द्यायला खाली येतात आणि मी पाणी भरायला वर गेले की सगळे पीळ काढून ठेवतात. "वहिनी, वाकडे बसले होते, सरळ केले." आजही केले. ओवळ्यापर्यंत घूं घूं घूं.

हे सगळं सोसायचं कशासाठी, तर केळव्याला नणंदेच्या वाडीत ट्रेलर लावायचा आणि खाडीत होडी टाकायची. नवरा मोबाइलवर व्हिडिओ बघतो, अमेरिकेत काही राज्यांत पिकअपच्या मागे कॅम्पर आणि कॅम्परच्या मागे बोट अशी आगगाडी नेतात म्हणे. म्हणतो, "आपणही होडीला दुसरा ट्रेलर केला तर?" घोडबंदरला? आधीच एका फटीने जीव घेतलाय, आता दोन फटी?

गायमुखच्या अलीकडे सगळं ठप्प. मेट्रो ४ चे पत्रे, खड्डे, घाटात कुणीतरी बंद पडलेलं, नेहमीचंच. मी घड्याळाकडे बघतेय, कारण खाडीत होडी घालायची तर भरती लागते, ओहोटीला नुसता चिखल. आणि भरती काही मेट्रोच्या तारखेसारखी पुढे ढकलता येत नाही. शेवटी इंजिन बंद केलं, ट्रेलरचं मागचं झाकण उघडलं आणि चहा टाकला. पर्यटनाला निघालेल्या बाईने आलं किसलं ते घोडबंदर रोडवर. दोन मिनिटांत एक रिक्षावाला हजर. "ताई, कटिंग कितीला?" मी म्हटलं विकायला नाही. तरी दिला. मग टेम्पोवाला आला, त्याच्याबरोबर क्लीनर. पातेलं दुसऱ्यांदा चढलं. कुणीतरी विचारलं, "रोज असता का इथे?" साहेब चिवड्याचा डबा पुढे करत म्हणाले, "आम्हीही तेच विचारत होतो."

केळव्याला पोचलो तेव्हा खाडीत चिखल चमकत होता. होडी टपावरच आहे, उतरवलीच नाही. नणंद बाहेर आली, होडीकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, ही कशाला वाहून आणलीस एवढ्या लांब? शेजारच्यांच्या दोन होड्या रिकाम्याच पडून असतात."

मी तिला काही बोलले नाही. उद्या रविवार संध्याकाळ, परतीला घोडबंदरच्या तोंडाशी फाउंटन हॉटेलपासून रांग असणार. आलं संपलंय, तेवढं सकाळी बाजारातून आणायचं आहे. आणि कागदी कप.