मधल्या सुट्टीच्या मुळावर उठलेला संदेश

‘जागरूक पालकांनो, वाचा आणि पुढे पाठवा’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. सहावी ते आठवीच्या मुलांची रोजची मधली सुट्टी बंद करावी आणि तो वेळ अभ्यासाला द्यावा, अशी त्यात मागणी आहे आणि तिच्यासाठी सहा कारणे दिलेली आहेत. एरवी असल्या मजकुराकडे मी ढुंकूनही पाहत नाही. परंतु या वेळी तो माझ्या मोठ्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘वाचून पटतंय रे. पालकसभेत हात वर करू का?’ तिचा मुलगा सातवीत आहे. एवढ्या विचारी बाईलाही जे पटू लागते, त्याला उत्तर देणे भाग आहे.

पहिले कारण असे की, अकराव्या वर्षानंतर मुलांची एकाग्रता मोठ्या माणसांइतकी होते, ‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’. कोणाचे संशोधन, कोठे आणि केव्हा झाले, याचा संदेशात पत्ता नाही. लक्ष टिकवणे आणि मनाला आवर घालणे ही कामे मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, ही आता सर्वमान्य गोष्ट आहे. पण वादापुरते मानू या की, अकरा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसासारखाच असतो. मग मोठ्या माणसाला तरी सलग कामाला कोण जुंपते? युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार, कामाचा दिवस सहा तासांहून मोठा असेल तर प्रौढ कामगाराला मध्ये विश्रांती मिळणे हा त्याचा हक्क आहे. म्हणजे संदेशकर्त्याचे म्हणणे खरे धरले, तरी मुलाची सुट्टी कायमच राहते.

या वादात ज्या एका दस्तऐवजाचा आधार पुरेसा आहे, तो म्हणजे ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले धोरणपत्र. शाळेतील मधल्या सुट्टीची भूमिका हाच त्याचा विषय आहे. एकाग्रतेने केलेल्या अभ्यासानंतर ठरावीक अंतराने विश्रांती मिळाली तरच आकलन आणि शैक्षणिक कामगिरी नीट राहते, आणि हे लहान मुलांइतकेच किशोरवयीनांनाही लागू आहे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय एक विषय थांबवून दुसरा सुरू केला म्हणजे विश्रांती झाली असे तज्ज्ञ मानत नाहीत. मुलांना मोकळा, कोणी न आखलेला वेळच लागतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संदेश लिहिणाऱ्याने हे छोटेसे धोरणपत्र उघडून पाहिले असते, तर त्याचे आणि आपले दोघांचेही श्रम वाचले असते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे आणि ताईला बहुधा तेच पटले असावे, कारण आकडा दिसला की माणूस दबतो. रोजची २० मिनिटे, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे सुमारे ६६ तास ‘वाया’ जातात, असे संदेश म्हणतो. गुणाकार बरोबर आहे, पण त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. सुट्टी काढली की मिळालेले प्रत्येक मिनिट अभ्यासात जाईल असे त्यात धरले आहे. सलग चौथ्या तासाला बसलेला सातवीचा वर्ग ज्याने मागच्या बाकावरून पाहिला असेल, त्याला हे गृहीतक ऐकून हसू येईल. एक मुलगा पेनचे टोपण काढतो आणि लावतो आहे, दुसरा पाणी प्यायला जाण्याची परवानगी पुन्हा मागतो आहे, खिडकीजवळची मुलगी वहीच्या समासात चौकोन रंगवते आहे, आणि शिक्षिका फळ्यावरची तीच पायरी तिसऱ्यांदा समजावून सांगत आहेत. ती मिनिटे वेळापत्रकात अभ्यासाची म्हणून मोजली जातात, इतकेच. अमेरिकेतील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ अँथनी पेलेग्रिनी यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात प्राथमिक शाळांत जे प्रयोग केले, त्यांत सुट्टी जितकी उशिरा दिली तितके मुलांचे वर्गातील लक्ष उडाले, असे आढळले. ती मुले सातवीच्या मुलांहून लहान होती, हे मान्य. पण बालरोगतज्ज्ञांनी किशोरवयीनांचा वेगळा उल्लेख केला तो काही हौस म्हणून नव्हे. फिनलंडमध्ये नववीपर्यंतच्या मूलभूत शिक्षणात ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटांची सुट्टी ही रूढ पद्धत आहे. सुट्टी दिल्यामुळे गुण वाढतात असे यावरून सिद्ध होत नाही आणि मी तसे म्हणतही नाही. परंतु सुट्टीमुळे अभ्यास बुडतो, हा दावा एवढ्यानेही पांगळा होतो.

तिसऱ्या कारणात तीन गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत: शारीरिक शिक्षणाचा तास असतोच, जेवणाची वेळ असतेच, आणि मुले घरी गेल्यावर खेळतातच. शारीरिक शिक्षणाचा तास हा तासच असतो. तेथे शिक्षक सांगतील ते, सांगतील तेव्हा करायचे असते आणि बराचसा वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. तो तास आणि सुट्टी एकमेकांना पूरक आहेत, एकाच्या जागी दुसरे चालणार नाही, असे वरील धोरणपत्र स्पष्ट सांगते. जेवणाच्या वेळेत हात धुणे, रांग, जेवण आणि आवराआवर एवढे उरकले की घंटा होते. राहिले घरचे खेळणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार ११ ते १७ वर्षे वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची रोजची हालचाल अपुरी आहे. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे. ही ‘घरी जाऊन खेळणारी’ मुले नेमकी कोठे आहेत, हे संदेशकर्त्याने दाखवून द्यावे. हे वय हाडे भरण्याचेही आहे: उंची सर्वांत वेगाने वाढते, त्या काळातील साधारण दोन वर्षांत प्रौढ हाडांतील खनिजांचा जवळजवळ चौथा हिस्सा जमा होतो, आणि त्या हाडांना धावण्या-उड्या मारण्याचा ताण लागतो. नेमक्या याच वर्षांत मुलांना बाकाला खिळवून ठेवण्याची सूचना यावी, याला काय म्हणावे?

मोठी मुले सुट्टीत खेळत नाहीत, घोळके करून नुसत्या गप्पा मारतात, हे चौथे कारण. मारतातच. बाराव्या-तेराव्या वर्षी पकडापकडी मागे पडते आणि भिंतीला टेकून बोलत राहणे सुरू होते. रुसलेल्या मैत्रिणीची समजूत काढणे, नव्या मुलाला घोळक्यात घ्यायचे की नाही ते ठरवणे, थट्टा कोठे थांबवायची ते चुकत-माकत शिकणे, हे सगळे त्या गप्पांतच घडते. आणि शाळेच्या दिवसात कोणाजवळ बसायचे आणि काय बोलायचे हे स्वतः ठरवण्याची मुभा मुलांना तेवढ्याच वेळात असते. मात्र घोळक्यातला प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून उभा असेल, तर त्याला मी सुट्टी म्हणणार नाही. तेथे मोबाइल बाजूला ठेवायला लावावा, सुट्टी बंद करण्याचे कारण नाही.

पाचव्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. मारामारी आणि दुबळ्या मुलांचा छळ सुट्टीत होतो, असे संदेश म्हणतो; आणि होतो. ज्या मुलाला रोज कोपऱ्यात गाठले जाते, त्याच्यासाठी ती २० मिनिटे दिवसातली सर्वांत लांब असतात, आणि सुट्टीची बाजू मांडणाऱ्यांनी हे झाकून ठेवू नये. पण या विषयाच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्या मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांना असे दिसले होते की, सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक जितके अधिक, तितका छळ कमी. म्हणजे उणीव मोठ्यांच्या हजेरीची आहे. छळ तर जिन्यात, स्वच्छतागृहात आणि शाळा सुटल्यावरही होतो. तेवढ्यासाठी जिने बंद करा, असे कोणी म्हणत नाही.

सहावे कारण मी मुद्दाम मागे ठेवले, कारण बाकीचे केवळ चुकीचे आहे आणि हे अपायकारक आहे. सर्वांची सुट्टी बंद करणे शक्य नसेल, तर ज्यांचा गृहपाठ अपुरा असेल किंवा वर्तन ठीक नसेल, निदान त्यांची तरी सुट्टी काढून घ्यावी, अशी ‘मधली वाट’ संदेश सुचवतो. बऱ्याच ठिकाणी हे कोणी न सांगताही चालते, म्हणून ते वाजवी वाटते. कोणत्याही वर्गात अशी शिक्षा कोणाला होते ते काही दिवस पाहावे. नावे फारशी बदलत नाहीत. ज्याला एका जागी बसणे जड जाते, ज्याचे लिखाण सावकाश होते, ज्याच्या घरी गृहपाठाला बसायला कोपरा नाही किंवा जवळ बसणारे कोणी नाही, त्याचाच नंबर लागतो. बाहेर चेंडू भिंतीवर आपटत असतो आणि हा आत बसून कालचे उत्तर उतरवत असतो. एक डोळा वहीवर, एक दारावर. घंटा होते, बाकीचे घामेजून परत येतात आणि पुढचा तास सुरू होतो. ज्याला हालचालीची गरज सर्वांत अधिक होती तोच एकटा न हलता त्या तासाला बसलेला असतो. मग तो चुळबुळ करतो, बोलणी खातो आणि उद्याचीही सुट्टी गमावतो. शिक्षिकेलाही त्या दिवशी उसंत मिळत नाही, ही गोष्ट कोणी मोजत नाही. शिक्षा म्हणून किंवा अभ्यासाच्या कारणासाठी सुट्टी हिरावून घेऊ नये, असे २०१३ चे तेच धोरणपत्र निःसंदिग्ध शब्दांत सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क मानते. त्या संहितेत बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती, आणि गृहपाठ पूर्ण असण्याची अट तेथे कोठेही घातलेली नाही.

तेव्हा ताई, हात वर करायचाच असेल तर विरोधात कर. आणि सभेत उभी राहून दोन गोष्टी लेखी मागून घे: सुट्टीच्या वेळी मैदानावर, जिन्यात आणि स्वच्छतागृहांच्या बाजूला कोणते शिक्षक असतात त्याचे वेळापत्रक, आणि गेल्या महिन्यात शिक्षा म्हणून किती मुलांना किती वेळा सुट्टीत वर्गात बसवून ठेवले त्याची नोंद. अशी नोंद कोणी ठेवतच नाही, असे उत्तर मिळाले तर ती ठेवायला सुरुवात करण्याचा ठराव त्याच सभेत मांड.