लव्हजॉय यांनी मरण ओढवून घेतलं, हे खोटं आहे

एलायजा लव्हजॉय हे अमेरिकेतले प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट पंथाचे) पाद्री. सेंट लुईसबाहेर दे पेअरच्या छोट्या दगडी चर्चमध्ये ते प्रवचनं देत आणि ‘ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक चालवत; त्यात ते गुलामगिरीविरुद्ध लिहीत. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात जमावाने त्यांना गोळ्या घातल्या. महिनाभरात मॅसॅच्युसेट्सचे अॅटर्नी जनरल जेम्स ऑस्टिन यांनी बॉस्टनच्या भर सभेत सांगून टाकलं की हा माणूस मूर्खासारखा मेला आणि जमाव म्हणजे इंग्रजांच्या कराविरुद्ध बॉस्टनच्या समुद्रात चहा फेकणारे देशभक्तच. ‘पाद्र्याने बंदुका कशाला जमवायच्या? भडक लिहिलं, भोगलं’ हे आजही ऐकू येतं.

आधी ‘भडक’चं बघू. कॅथलिकांवर त्यांनी फार कडवट लिहिलं, ते मला पटत नाही. पण गुलामगिरीबाबत सुरुवातीला ते टप्प्याटप्प्याने मुक्तीच मागत होते. एप्रिल १८३६ मध्ये फ्रान्सिस मॅकिंटॉश या कृष्णवर्णीय माणसाला सेंट लुईसमध्ये झाडाला साखळीने बांधून जिवंत जाळलं. न्यायाधीश लॉलेस यांनी ज्यूरीला सांगितलं की हे काम समुदायाचं असेल तर ते कायद्याच्या हाताबाहेरचं आहे. लव्हजॉय यांनी या न्यायाधीशावर टीका केली आणि लव्हजॉय यांचा छापखाना फोडला गेला; मग ते ऑल्टनला गेले. भडका आधी कुणी लावला होता?

आता बंदुका. ऑल्टनमध्ये तोवर त्यांची तीन छापयंत्रं मोडली गेली होती. ऑक्टोबरात सेंट चार्ल्सला सासूबाईंच्या घरात माणसं घुसली, तेव्हा आजारी पत्नी सीलिया मध्ये पडल्या. चौथं यंत्र गोदामात आलं, तेव्हा कुठे मित्र राखणीला बसले. त्या रात्री आतून गोळीबार झाला, हल्लेखोरांपैकी लायमन बिशप मेला, हे खरं. पण दगड आणि गोळ्या घेऊन गोदामावर चालून आला तो जमाव. पुढे भिंतीला शिडी लागली, लाकडी छप्पर पेटवायला माणूस चढला. त्याला अडवायला लव्हजॉय बाहेर आले आणि पाच गोळ्या लागून पडले. दोन दिवसांनी पस्तीस वर्षांचे झाले असते. त्याच दिवशी त्यांना पुरलं. यंत्र खिडकीतून खाली टाकून फोडलं, तुकडे मिसिसिपीत गेले.

आणि चहाची तुलना? ती ऐकून त्याच सभेत तरुण वकील वेंडेल फिलिप्स विरोध करायला उठले. बॉस्टनकरांचा झगडा अन्यायी कराशी होता. इलिनॉयच्या १८१८ च्या राज्यघटनेने छापखाना प्रत्येकाला खुला ठेवला होता; ऑल्टनच्या जमावाने तोच हक्क बुडवला.

जानेवारी १८३८ मध्ये खटले चालले. पहिला आरोपी गोदामाचा मालक विन्थ्रॉप गिलमन, राखण करणारा! तो सुटला, आणि मग हल्लेखोरही सुटले. लव्हजॉय यांच्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.