‘फोटोपुरती हौस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पालक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच तावातावाने एक उत्तर लिहून काढलं होतं, ते टाकलं नाही हे बरं झालं. आज डोकं शांत आहे. निदान सुरुवातीला तरी.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: सातवीच्या मुलांना समुद्रातला कचरा हा विषय मी कसा शिकवते, त्यांना किनाऱ्यावर नेऊन काय करून घेते, ते मी लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

“लेख गोड आहे. पण मुलांकडून किनाऱ्यावरचा कचरा वेचून घेणं म्हणजे शिक्षण नव्हे, फोटोपुरती हौस. दहा नद्यांचा आकडा शिळा आहे. पॅसिफिकमधलं ‘कचऱ्याचं बेट’ वगैरे सांगून दिशाभूल होते. आणि हे प्लास्टिक बनवलं कुणी, विकलं कुणी, याबद्दल चकार शब्द नाही. सगळा भार सातवीच्या पोरांच्या डोक्यावर. शिक्षकांनी आधी स्वतः शिकावं, मग शिकवावं.”

सात वाक्यं. पहिलं सोडून देते. ‘गोड’ हे विशेषण बाईने लिहिलेल्या लेखालाच का चिकटतं, यावर पुन्हा कधीतरी.

नद्यांचं आपलं बरोबर आहे, ते मोकळेपणाने मान्य करते. नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के फक्त दहा नद्यांतून येतं, हा हिशेब २०१७ चा. २०२१ च्या अभ्यासात चित्र पार बदललं: ८० टक्क्यांचा आकडा गाठायला हजाराहून जास्त नद्या लागतात, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. माझ्यासमोर जुनं टिपण होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, खाली तशी नोंदही टाकली आहे. आभार. ‘शिळा’ऐवजी ‘जुना’ म्हटलं असतं तरी मला कळलं असतं.

‘बेटा’चं मात्र मान्य नाही. तो शब्द मी अवतरणचिन्हांत घातला होता, लेख पुन्हा उघडून बघा. आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात मुलांकडून करून घेतलेला भागाकार दिला होता, तो आपण वाचला नाहीत असं दिसतं. २०१८ च्या मोजणीप्रमाणे पॅसिफिकमधल्या त्या तरंगत्या कचऱ्याच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ १६ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातलं प्लास्टिक साधारण ७९ हजार टन. भागा. एका चौरस किलोमीटरला पन्नास किलोच्या आत. म्हणजे एवढ्या अफाट पाण्यावर एक पोतं पसरलेलं, तेही बहुतेक तुकड्यातुकड्यांनी. हे गणित फळ्यावर सोडवल्यावर त्या ‘बेटा’वर कुणी उभं राहू शकेल असं मुलांना वाटत नाही. वजनात मोजलं तर त्यातलं ४६ टक्के मासेमारीची जाळी आहेत, हेही त्याच परिच्छेदात होतं. दिशाभूल कुणाची झाली?

आता ‘फोटोपुरती हौस’.

हे वाक्य आपण सहज लिहून गेलात, पण मला ते लागलं. आणि लागलं कारण फोटोपुरती हौस म्हणजे काय हे मी आपल्यापेक्षा बरंच जवळून पाहिलंय. एकवीस वर्षं विज्ञान शिकवतेय. सुरुवातीला एका शाळेत होते, नाव नको. तिथे दरवर्षी किनारा स्वच्छतेचा कार्यक्रम व्हायचा. फलक, टोप्या, पाहुणे. पाहुण्यांनी एक पिशवी उचलायची, टाळ्या वाजवायच्या, मग मुलांनी तासभर दिसेल ते गोणीत भरायचं. गोण्या शाळेच्या मागच्या भिंतीशी रचून ठेवायच्या. त्या न्यायला कुणी यायचं नाही, कारण कुणाला सांगितलेलंच नसायचं. एका पावसाळ्यात गोण्या फाटल्या आणि त्यातलं बरंचसं मागच्या ओढ्यात गेलं. ओढा कुठे जातो ते सांगायला नको. त्या वर्षीचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बरीच वर्षं लावलेला होता. मागच्या रांगेत मी आहे. टोपी घालून, हसतेय.

तेव्हा हौसेबद्दल मला कुणी सांगू नये.

मी आता जे करते त्यात वेचणं शेवटी येतं, आधी मोजणं. भरतीच्या रेषेलगत १०० मीटरचा पट्टा दोरीने आखायचा. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू तक्त्यात नोंदवायची. दर महिन्याला तोच पट्टा, ओहोटीच्या वेळी. जगभर किनाऱ्यांवरचा कचरा साधारण असाच मोजतात, ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नव्हे. काच, सुया, बंद डबे यांना हात लावायचा नाही, नुसती नोंद करायची आणि मला हाक मारायची. चौघांचा एक गट: एक शोधणार, एक वस्तूचं नाव मोठ्याने सांगणार, एक तक्त्यात रेघा मारणार आणि चौथा बाकीच्या तिघांवर लक्ष ठेवणार. चौथा होण्यासाठी सगळ्यांची धडपड असते. थर्माकोलचा चुरा झालेला तुकडा एक धरायचा की पंधरा, यावर एकदा वीस मिनिटं भांडण झालं. शेवटी मुलांनीच नियम केला: चुऱ्यात अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठे जितके तुकडे, तितक्या रेघा. यात विज्ञान नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी काही मोजलेलं नसावं.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात तक्ते शेजारी शेजारी लावले. एक मुलगा बराच वेळ बोट फिरवत होता. म्हणाला, “बाई, झाकणं एवढी आहेत, मग बाटल्या कुठे गेल्या?”

खरंच, दर महिन्याला बाटल्यांपेक्षा झाकणं कितीतरी जास्त. मी चार महिने तेच तक्ते बघत होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटलं होतं बाटल्या भंगारवाले उचलत असतील. काही उचलतही असतील. पण दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत टब भरला, लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून. झाकण लावलेली रिकामी बाटली मस्त तरंगली. झाकण काढून आडवी धरली, गुडगुड करत भरली आणि तळाला गेली. कात्रीने कापलेला तिचा तुकडाही तळाला. झाकण मात्र कितीही दाबा, बोट काढलं की टुणकन वर. बाटलीच्या प्लास्टिकची घनता १.३८ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याची १.०२५, झाकणाच्या प्लास्टिकची एकाहून कमी. पुस्तकात घनतेचा धडा आहेच, तो आम्ही आधी ‘घेतला’ही होता. एका मुलीला वाटलं मीठ वाढवलं तर बाटलीचा तुकडा वर येईल, म्हणून तिने मिठाचा अख्खा डबा रिकामा केला. विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलं, तुकडा हलला नाही. मीठ पुरतं विरलेल्या पाण्याची घनताही १.२ च्या पलीकडे जात नाही, हे तिने स्वतः शोधून तिसऱ्या दिवशी सांगितलं.

मग प्रश्नांमागून प्रश्न. वर तरंगतो तेवढाच कचरा आपण बघतो का? मारियाना गर्तेत जवळजवळ ११ किलोमीटर खोल प्लास्टिकची पिशवी दिसली होती, १९९८ मध्ये, हे मी सांगितल्यावर लगेच उलटा प्रश्न: पिशवी तर पाण्याहून हलकी, ती बुडाली कशी? तिच्यावर शेवाळ आणि बारीक शिंपले बसतात, वजन वाढतं, हे शोधायला आणखी एक तास गेला. अभ्यासक्रम मागे पडला, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. हे सगळं कुठून आलं? किनाऱ्यावर वाकून मारलेल्या रेघांतून. त्याला तुम्ही फोटोपुरती हौस म्हणता. (‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आले आहे, लक्षात आलंय माझ्या. राहू दे.)

आणि फोटो? मूळ लेखात एकही फोटो नव्हता हो. मुलांचे चेहरे मी कुठेही टाकत नाही. एक फोटो असता तर तुमचं वाक्य निदान बसलं तरी असतं.

‘शिक्षकांनी आधी स्वतः शिकावं.’ शिकले की. प्लास्टिकची बाटली विरायला ४५० वर्षं लागतात, हे मी पहिली सात-आठ वर्षं फळ्यावर लिहून द्यायचे, मुलं परीक्षेत लिहायची, मी बरोबरची खूण करायचे. एका वर्षी शेवटच्या बाकावरून प्रश्न आला: “बाई, प्लास्टिकची बाटली निघून किती वर्षं झाली?” मला सांगता येईना. घरी जाऊन शोधलं. पॉलिथिनचा शोध १९३३ चा, पाण्याच्या त्या पारदर्शक बाटलीचं पेटंट १९७३ चं. मग साडेचारशे वर्षं मोजली कुणी? तो अंदाज आहे, आणि ऊन, लाटा, खोली बदलली की अंदाजही बदलतो. त्या दिवसापासून माझ्या वर्गात प्रत्येक आकड्यापुढे ‘कसा मोजला?’ लिहायचं असतं. दहा नद्यांपुढे ते लिहायचं मी विसरले, हे वर कबूल केलंच आहे. पण एका चुकीवरून तुम्ही मला शाळेत पाठवायला निघालात.

राहिला तुमचा कंपन्यांचा मुद्दा. तो मोठा विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन. २०१५ पर्यंत ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं आणि कचरा झालेल्यातलं जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आणलं गेलं, हे मलाही ठाऊक आहे. पण जागतिक प्लास्टिक करारावर २०२४ मध्ये बुसानला आणि २०२५ मध्ये जिनिव्हाला बसूनही देशांचं एकमत झालं नाही. ते मी पस्तीस मिनिटांच्या तासात करून दाखवावं, असं तुमचं म्हणणं असेल तर नमस्कार. माझा लेख किनाऱ्यावरच्या एका तासाबद्दल होता.

लिहिता लिहिता एक आठवलं, ते लपवत नाही. गेल्या वर्षी एका गटाने तक्त्यात स्वतःहून एक रकाना वाढवला होता: ‘कुणाचं?’ वेष्टनावरचं नाव वाचता येईल तिथे ते लिहायचं, नाही तर फुली. मी तो खोडायला लावला. सगळ्या गटांचा तक्ता सारखा हवा, नाहीतर महिन्यांची तुलना कशी करणार? कारण खरंच तेच होतं. तुमच्या प्रतिक्रियेशी याचा संबंध जोडायचा असेल तर जोडा, मी जोडत नाहीये.

पुढची मोजणी या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, ओहोटी सकाळी आहे. पालकांना यायला मज्जाव नाही, आजवर कुणी आलेलं नाही एवढंच. नाव ‘एक पालक’ सांगितलंत तरी चालेल. हातमोजे स्वतःचे आणा. तुम्हाला चौथ्याचं काम देता येईल, पण त्यासाठी मुलांशी भांडावं लागेल.