फॉस्फरस वाढला की पेशंटच गुन्हेगार?

दर महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट आला की एक बोट फॉस्फरसच्या आकड्यावर जातं आणि लगेच दुसरं पेशंटवर. "काय खाल्लंत? पथ्य पाळत नाही तुम्ही." संपला तपास! फॉस्फरसची गोळी केव्हा घेता, चावता की गिळता, दिवसातून जेवता किती वेळा, यातलं काही म्हणजे काही विचारायचं नाही. माझी आई डायलिसिसवर आहे; निकामी किडनी फॉस्फरस पुरेसा बाहेर टाकत नाही, तो रक्तात साठतो. आवडीचं एकेक सोडत आलेल्या त्या बाईला चारचौघांत झापलं जातं आणि ती मान खाली घालून ऐकून घेते. मला नाही ऐकवत आता.

चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं? "१-१-१". बस, एवढंच. सकाळ, दुपार, रात्र. अहो, फॉस्फरसच्या गोळीला घड्याळाशी काय देणंघेणं? तिचं नातं जेवणाशी आहे! ही गोळी रक्तात शिरून फॉस्फरस खाली आणत नाही. ती आतड्यात अन्नातल्या फॉस्फेटला, म्हणजे फॉस्फरसच्याच रूपाला, धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही, आणि दोघं मिळून शौचावाटे बाहेर पडतात. पोटात अन्नच नसेल तर ती धरणार कशाला? रिकाम्या पोटी घेतलेली गोळी वाया गेली. त्यातून ती कॅल्शियमची असेल तर वाया जाण्यावरही भागत नाही. बांधायला फॉस्फेट मिळालं नाही की त्यातलं जास्त कॅल्शियम रक्तात शोषलं जातं. किडनीच्या पेशंटच्या रक्तवाहिन्यांत आधीच कॅल्शियम साचायची भीती, आणि आपण हाताने त्यात भर घालतोय! तरी चिठ्ठीवर "जेवताना" हा एक शब्द लिहायला कुणाचं पेन चालत नाही.

जेवणच झालं नाही तर काय? उलटी झाली, अन्नावर वासना नाही, डायलिसिसमुळे एक वेळचं जेवण हुकलं, हे तर नेहमीचंच. बहुतेक बाइंडरच्या, म्हणजे फॉस्फेट धरणाऱ्या या गोळ्यांच्या, बाबतीत अशा वेळी ती गोळी सोडून द्यायची असते आणि पुढच्या जेवणाला दुप्पट घ्यायची नसते. हे सांगणार कोण? उलट "डोस चुकवू नका" असा सरसकट दम भरलेला असतो, त्यामुळे माणसं रिकाम्या पोटी प्रामाणिकपणे गोळ्या गिळत बसतात. आणि सगळी जेवणं सारखी नसतात हेही कुणाच्या गावी नाही. ज्याचं दुपारचं जेवण भरपेट आणि रात्रीचं नावाला, त्याला दोन्हीकडे एकच गोळी का? जेवणाप्रमाणे गोळ्या वाटून देता येतात, किडनीचे डॉक्टर तसं ठरवून देऊ शकतात. पण त्यासाठी आधी माणूस जेवतो कसा ते विचारावं लागतं.

आता चावण्या-गिळण्याचं ऐका, इथे तर माझं डोकं फिरतं. सेव्हेलामर या बाइंडरची गोळी अख्खी गिळायची, चावायची किंवा कुटायची नाही, कारण ओली झाली की ती फुगते. गिळता येत नसेल तर तिची पावडर मिळते. लँथेनम या दुसऱ्या बाइंडरची गोळी बरोबर उलटी: ती पूर्ण चावूनच खायची किंवा बारीक कुटायची, अख्खी गिळायची नाही, कारण त्या औषधाने आतड्यात अडथळा झाल्याची उदाहरणं आहेत. लोहाची सुक्रोफेरिक ऑक्सिहायड्रॉक्साइडची गोळीही चावायचीच, आणि तिने शौच काळं होतं. म्हणजे औषध बदललं की नियम उलटतो! आणि औषध तर बदलतच असतं, कधी कॅल्शियम वाढलं म्हणून, कधी पोटाला सोसत नाही म्हणून. बदलताना एक वाक्य? नाही. नवीन स्ट्रिप हातात ठेवायची की काम झालं. ज्याला काळ्या शौचाचं आधी सांगितलेलंच नाही, तो रक्त पडतंय असं समजून घाबरतो आणि गोळी परस्पर बंद करतो. पुढच्या महिन्यात परत बोलणी त्यालाच.

शिवाय या गोळ्या फक्त फॉस्फेटच धरतात असं थोडंच आहे! हाताला लागेल ते दुसरं औषधही धरतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सेव्हेलामरबरोबर घेतलं तर त्याचं शोषण जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून ते सेव्हेलामरच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं असतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर लागतं. पण तापासाठी वेगळे डॉक्टर, थायरॉइडसाठी वेगळे, किडनीसाठी वेगळे, आणि प्रत्येकाची चिठ्ठी स्वतंत्र. हाडांच्या डॉक्टरांनी आणखी एक कॅल्शियम लिहून दिलं तर? सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून एकदा तरी कुणी बघायचं की नाही? ते काम घरच्यांनी करायचं, ज्यांना यातलं अक्षर शिकवलेलं नाही.

आणि बद्धकोष्ठ! कॅल्शियम असो की सेव्हेलामर, दोन्हींनी होतं. त्यात डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं. पोट साफ होत नाही म्हटलं की सहज हातात काय मिळतं? एनिमा. आणि पुष्कळदा तो सोडियम फॉस्फेटचा असतो! ज्या माणसाला फॉस्फेट कमी करायला दिवसभर गोळ्या चारताय, त्याच्या आतड्यात सरळ फॉस्फेट सोडायचं? किडनी निकामी असलेल्या माणसाच्या रक्तात त्याने फॉस्फेट एकदम चढू शकतं आणि कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये बद्धकोष्ठासाठीच्या या सोडियम फॉस्फेटबद्दल जाहीर इशारा दिला होता. मॅग्नेशियमची रेचकंही या पेशंटना मनाने घेऊन चालत नाहीत. हे माहीत नसणं जिवावर बेतू शकतं, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ते कुणी सांगत नाही. संताप येतो, संताप!

"पथ्य पाळा" म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब तरी मांडावा. दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम फॉस्फरस अन्नातून जातो, त्यातला निम्म्याहून जास्त शोषला जातो. आठवड्याचे झाले साधारण ४,००० मिलिग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ८०० मिलिग्रॅमच्या आसपास बाहेर पडतो, आठवड्यातून तीनदा केलं तर २,४००. उरलेला कुठे जाणार? कितीही पथ्य पाळलं तरी ही शिल्लक राहते, म्हणून तर गोळ्या आहेत. आणि बोलणी खाऊन खाऊन पेशंट काय करतो माहितीय? जेवणच तोडतो. माझ्या आईने तेच केलं. फॉस्फरस नको म्हणून प्रथिनं बंद, आणि अंगावरचं मांस झडायला लागलं. डायलिसिसवरच्या माणसाला उलट प्रथिनं जास्त लागतात, दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. तिला घाबरवून उपाशी ठेवण्यापेक्षा पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

खरा चोरटा फॉस्फेट तर पाकीटबंद पदार्थांत असतो. टिकाऊपणासाठी, चवीसाठी घातलेला, जवळजवळ सगळाच्या सगळा शोषला जाणारा. धान्य-कडधान्यांतला त्याहून खूप कमी शोषला जातो. घटकांच्या यादीत फॉस्फेट हा शब्द किंवा ३३८ ते ३४१, ४५० ते ४५२ असे फॉस्फेटचे कोड-आकडे शोधायचे. तेही भिंगातून, कारण अक्षर मुंगीएवढं. किती घातलाय ते बहुतेक पाकिटांवर नसतंच.

मला डॉक्टरांकडून उपकार नकोत. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: कुठल्या जेवणाला किती, चावायची की गिळायची, जेवण हुकलं तर काय, कुठल्या औषधापासून किती तास लांब. शौचाला होत नसेल तर कोणतं औषध चालेल, तेही लिहा. पुढच्या वेळी आईला कुणी "काय खाल्लंत" म्हणून दरडावलं तर मी चिठ्ठी पुढे करून आधी विचारणार आहे, यातलं तुम्ही तिला काय सांगितलं होतं?