चौथरा कोणाला आणि जमिनीवर कोण

सकाळी सकाळी एका ग्रुपवर जनरल ली यांच्यावरचा लांबलचक फॉरवर्ड येऊन पडला. अमेरिकेतलं यादवी युद्ध, पांढरी दाढी, उमदा घोडा, गुलामगिरीचा मनातून तिटकारा पण मातृभूमीसाठी तलवार उपसली, हरला तरी अजिंक्य, वगैरे वगैरे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. आणि जोडणारे कोण, तर ज्यांना मी एरवी विचारी समजते तीच मंडळी. कामावर निघायचं होतं म्हणून गप्प बसले. पण दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आता लिहितेच.

ते युद्ध कशासाठी झालं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माणसं विकत घ्यायचा आणि विकायचा हक्क टिकवण्यासाठी एक बाजू, दक्षिणेची, लीची, लढली आणि हरली. एवढं सरळ आहे. मग हरलेल्यांच्या सेनापतींची देवघरं का मांडली जातात, आणि कोणाची मांडली जात नाहीत?

बाबा इकडे अमेरिकेत आले होते तेव्हा त्यांना पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला नेलं होतं, जिथली मोठी लढाई ली हरला. बाबांना लढायांचं वेड. हातात नकाशा, डोक्यावर टोपी, आणि मी ड्रायव्हर. तिथे व्हर्जिनिया राज्याचं स्मारक आहे. उंच दगडी चौथरा, खाली सैनिकांचे पुतळे, आणि अगदी वर घोड्यावर ली. मान मागे टाकून बघावं लागतं. समोर ते मैदान. ३ जुलै १८६३ च्या दुपारी साधारण साडेबारा हजार माणसं त्या उघड्या माळावरून तोफांच्या तोंडी चालत गेली. त्यातली जवळजवळ निम्मी मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. हुकूम लीचा.

मग आम्ही लाँगस्ट्रीट शोधायला निघालो. जेम्स लाँगस्ट्रीट, लीच्या खालोखालचा सेनापती, ली त्याला आपला जुना लढाऊ घोडा म्हणायचा. पठ्ठ्या सापडेना. शेवटी झाडीत सापडला. चौथरा नाहीच. बुटका घोडा, त्यावर तो, सगळं जमिनीच्या पातळीवर. पुतळा बसवला १९९८ साली, म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षांनी. बाबांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मला विचारलं, “याचा चौथरा चोरीला गेला का गं?”

(शिल्पकारानं तो मुद्दाम जमिनीवर ठेवलाय, माणसांतला वाटावा म्हणून, हे मला माहीत आहे. असेल.)

तिथे एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. आम्ही परदेशी दिसलो म्हणून त्यांनी आपणहून माहिती पुरवली: ही लढाई यानंच घालवली. वर्षानुवर्षं पाठ केलेल्या माणसाच्या शांतपणे.

ही पाठ केलेली गोष्ट कुठून आली ते सांगते. लाँगस्ट्रीट लीला सांगत होता की समोरून हल्ला नको, वळसा घालू. लीनं ऐकलं नाही. त्या दुपारी पिकेट, म्हणजे हल्ला घेऊन जाणारा एक सेनापती, हुकूम मागायला आला तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्यानं नुसती मान हलवली. आणि उरलेली माणसं परत यायला लागली तेव्हा खुद्द ली त्यांना सामोरा गेला आणि म्हणाला, चूक माझी आहे. हे त्याच्या भक्तांनीच लिहून ठेवलंय! म्हणजे ज्याची चूक तो कबूल करून मोकळा, आणि भक्त म्हणतात, नाही नाही महाराज, तुमची कशी असेल?

ली १८७० मध्ये वारला. तो गेल्यावर मंडळींची जीभ सुटली. जुबल अर्ली हा हरलेला सेनापती, युद्धानंतर मेक्सिको-कॅनडात पळालेला. १८७२ साली लीच्या जयंतीला त्यानं भाषण ठोकलं आणि गेटिसबर्गचं खापर लाँगस्ट्रीटवर फोडलं. पुढच्या वर्षी पेंडलटन नावाचा लीचा तोफखानाप्रमुख, जो धर्मोपदेशकही होता, उठून म्हणाला की आदल्या दिवशी, २ जुलैला, सूर्योदयालाच हल्ला करायचा हुकूम होता, लाँगस्ट्रीटनं तो पाळला नाही. लीच्या स्वतःच्या कचेरीतले अधिकारी म्हणाले, असा हुकूम आम्हाला ठाऊक नाही. कोण ऐकतो? आणि हा निष्ठेचा पुतळा अर्ली पुढे पोट कशावर भरायचा? लुइझियानाच्या लॉटरीवर! सोडतीवर देखरेख करायला पगार घ्यायचा, बोरेगार्ड नावाच्या दुसऱ्या सेनापतीच्या जोडीनं. इतिहास लिहिला कोणी, तर लॉटरीवाल्यानं.

लाँगस्ट्रीटचा खरा गुन्हा गेटिसबर्गचा नव्हताच. युद्ध संपल्यावर तो म्हणाला, आपण हरलोय, आता निकाल मान्य करू, काळ्या माणसांना मताचा हक्क मिळालाय तर मिळालाय. लिंकनच्या पक्षात गेला. जुना मित्र ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला, त्यानं याला न्यू ऑर्लिन्सच्या कस्टम्समध्ये नोकरी दिली. झालं, गद्दार! १४ सप्टेंबर १८७४ ला त्याच शहरात व्हाइट लीग या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेच्या सशस्त्र जमावानं राज्य सरकार उलथवायला हल्ला केला. समोर पोलीस आणि बरेचसे काळे शिपाई, आणि त्यांचा सेनापती लाँगस्ट्रीट. अकरा वर्षांपूर्वी ज्यांच्या बाजूनं लढला त्यांच्याच विरोधात हा माणूस उभा राहिला, गोळी लागली, घोड्यावरून खेचला गेला, कैद झाला. आणि स्मारक कोणाचं झालं? हल्लेखोरांचं. १८९१ मध्ये उभारलेला स्तंभ २०१७ पर्यंत शहरात होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाबांचा तो चौथऱ्याचा प्रश्न आठवला.

बरं, लाँगस्ट्रीट संत नव्हता. २ जुलैला त्यानं तोंड फुगवून वेळ काढला असेलही. नॉक्सव्हिलच्या मोहिमेवर स्वतंत्र सेनापती म्हणून गेला आणि हात हलवत परत आला. मान्य. आणि ली चान्सलर्सव्हिलला अफाट लढला, तेही मान्य. पुढे चला.

तिकडे व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनला स्टोनवॉल जॅक्सन या लीच्या दुसऱ्या सेनापतीच्या थडग्यावर लोक लिंबं ठेवतात. खरंच, पिवळीधमक लिंबं. तो लढाईत लिंबं चोखायचा अशी आख्यायिका. अभ्यासक सांगून थकले की त्याला सगळीच फळं आवडायची, पीच जास्त. लिंबं येतच राहतात. आपल्याच माणसांच्या गोळ्या लागून मेला तो. त्याआधी कापलेला डावा हात एलवूडला वेगळा पुरला, त्याच्यावरही दगड आहे. लेक्सिंग्टनलाच लीच्या घोड्याचं थडगं, तिथे गाजरं, सफरचंदं, नाणी. घोड्याला गाजर आहे, बाबा, हाताला दगड आहे! (उत्तरेचे कमी नव्हते. डॅनियल सिकल्सनं गेटिसबर्गला तुटलेला आपला पाय लष्करी वैद्यकीय संग्रहालयाला दिला आणि वाढदिवसाला जावं तसा तो दरवर्षी त्याला भेटायला जायचा म्हणे.)

हसू येतं, पण जॉर्ज थॉमस आठवला की येत नाही. तोही व्हर्जिनियाचाच, गुलाम बाळगणाऱ्या घरातला, लीसारखाच लष्करी पेशाचा. त्याच्यापुढेही तोच प्रश्न होता, माझं राज्य की माझी शपथ. तो शपथेला जागला, उत्तरेकडून लढला. सगळा फॉरवर्ड ज्या ‘दुसरा पर्यायच नव्हता’ वर उभा आहे तो या एका माणसानं कोसळतो. चिकमॉगाला सप्टेंबर १८६३ मध्ये बाकी फौज पळत असताना हा टेकडी धरून उभा राहिला. डिसेंबर १८६४ मध्ये नॅशव्हिलला समोरच्या फौजेचा त्यानं इतका चुराडा केला की ती पुन्हा धड उभी राहिली नाही. आणि घरी? बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली असं सांगतात. गावानं मेक्सिकोच्या युद्धानंतर दिलेली मानाची तलवार त्यांच्याकडेच राहिली. युद्धानंतर कोणी मदत देऊ केली तर म्हणाल्या, आम्हाला या नावाचा भाऊ नाही. १८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, आपल्यावरच्या टीकेला उत्तर लिहिता लिहिता त्याला झटका आला. दफन न्यू यॉर्क राज्यात ट्रॉयला झालं, बायकोच्या माहेरी. त्याच्या रक्ताचं कोणी आलं नाही.

आणि सगळेच हरलेले अर्लीसारखे नव्हते, हेही लिहायला हवं, नाहीतर रागाच्या भरात अन्याय होईल. दक्षिणेचा सेनापती जोसेफ जॉन्स्टन यानं उत्तरेचा सेनापती शर्मन याच्यापुढे शस्त्रं ठेवली होती. १८९१ च्या फेब्रुवारीत शर्मनची अंत्ययात्रा निघाली तेव्हा हा ८४ वर्षांचा म्हातारा थंडीत उघड्या डोक्यानं उभा. कोणीतरी म्हणालं, टोपी घाला. तर म्हणाला म्हणे, मी त्याच्या जागी असतो आणि तो इथे असता तर त्यानं घातली नसती. सर्दी झाली, न्यूमोनिया झाला, महिनाभरात गेला. यावर मी रडलेली आहे, हसायचं तर हसा.

पण या माणसाबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही ना! पाठवतात लीचं. गुलामगिरीचा तिटकारा म्हणे. १८५६ च्या पत्रात त्यानं तिला पाप म्हटलं, आणि त्याच पत्रात म्हटलं की काळ्यांना ही वेदनादायी शिस्त गरजेची आहे. तो अर्धा भाग फॉरवर्डमध्ये मावत नाही वाटतं. १८५९ मध्ये लीच्या ताब्यातल्या आर्लिंग्टनच्या मळ्यावरून पळालेला गुलाम वेस्ली नॉरिस पकडला गेला, त्याला पन्नास फटके बसले, ली शेजारी उभा होता, नंतर उघड्या पाठीवर मिठाचं पाणी. नॉरिसनं हे १८६६ साली स्वतः सांगितलं. गेटिसबर्गच्या मोहिमेत लीच्या फौजेनं पेनसिल्व्हेनियातली मुक्त काळी माणसं धरून दक्षिणेत नेली. आणि वर चौथरा. रिचमंडचा तर पुतळा धरून साठ फूट होता, २०२१ मध्ये उतरवला तेव्हा ‘इतिहास पुसला’ म्हणून गळे काढणारे आपल्यातही निघाले.

हो, त्या टोपीवाल्यांचं राहिलंच. ‘यानंच घालवली’ ऐकल्यावर बाबांनी आपल्या इंग्रजीत अतिशय नम्रपणे विचारलं, “मग ते वर घोड्यावर बसलेत, ते त्या दिवशी रजेवर होते का?” गृहस्थ हसले नाहीत. मी बाबांना हाताला धरून गाडीत बसवलं.

पानगळीत ट्रॉयला जायचा विचार आहे, थॉमसच्या थडग्यावर. ऑल्बनीच्या आसपास कोणी राहत असेल आणि यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. ‘पण ली माणूस म्हणून सज्जन होता’ हे लिहायला येणाऱ्यांनी आधी नॉरिसची जबानी वाचून या, मग बोलू.